मदरबोर्डाला एसएमपीएस जुळवताना वॅट सगळ्यात शेवटी पाहा

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारं युनिट, जळाला की तालुक्याच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा देऊ?" उत्तरही ठरलेलं असतं, "साडेचारशेचा द्या." डब्यावर वॅटचा आकडा सगळ्यात मोठा छापलेला असतो, म्हणून तोच विचारला जातो. जुळवाजुळवीत मात्र त्याचा नंबर शेवटचा. आधी बोर्डाच्या पिना काय मागतात ते पाहायचं, मग १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर मिळतात ते, आणि मग भिंतीतल्या थ्री पिनमधून प्रत्यक्षात काय येतं ते. हे जमलं की वॅट आपोआप जमतात. भिंतीची ही गोष्ट पुण्या-मुंबईचे लोक फारशी पाहत नाहीत. वावरातल्या घरात किंवा टिनाच्या खोलीतल्या सेवा केंद्रात ती पाहिल्याशिवाय चालत नाही.

खोलायच्या आधी फोटो

जुना एसएमपीएस काढण्यापूर्वी कॅबिनेटचं झाकण उघडून मोबाइलवर तीन फोटो घ्या: बोर्डाच्या मोठ्या प्लगचा, प्रोसेसरजवळच्या छोट्या प्लगचा आणि एसएमपीएसवर चिकटवलेल्या लेबलचा. लेबलचा फोटो असा हवा की पार्ट नंबर आणि अँपिअरचा तक्ता वाचता येईल. दुकानात हे फोटो दाखवले तर अर्धी चूक तिथंच टळते.

आकारही मोजून घ्या. नेहमीच्या कॅबिनेटमधला एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि साधारण १४० खोल असतो. बँकेतून किंवा कंपनीतून निघालेल्या बारक्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक लांबुळका टीएफएक्स येतो, ८५ रुंद, ६५ उंच आणि १७५ खोल. त्याच्या जागी एटीएक्स जात नाही. झाकण उघडं ठेवून बाहेर टांगला तरी चालतो खरा, पण मग उंदीर, पाली आणि धूळ यांना दार मोकळं.

बोर्ड काय मागतो

आजच्या बहुतेक बोर्डांवर मोठा सॉकेट २४ पिनांचा असतो. जुन्या बोर्डांवर तो २० पिनांचा असे. म्हणून बऱ्याच एसएमपीएसचा प्लग २० अधिक ४ असा तोडता येतो. २४ चा प्लग २० च्या बोर्डावर बसवायचा झाला तर चार पिनांचा तुकडा बाजूला सरकवून लटकता ठेवायचा. त्यात काही बिघडत नाही.

उलट करताना जपावं लागतं. जुना २० पिनांचा एसएमपीएस २४ च्या बोर्डावर बसतो, कॉम्प्युटर चालूही होतो, आणि म्हणूनच माणूस फसतो. २० पिनांच्या प्लगमध्ये १२ व्होल्टची पिवळी तार एकच असते, २४ मध्ये दोन. बोर्डावरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून ग्राफिक्स कार्ड ७५ वॅटपर्यंत घेऊ शकतं, त्यातले साडेपाच अँपिअर १२ व्होल्टवर. ते सगळे, वर पंख्यांचे, एकाच पिनेतून जायला लागले की ती पिन तापते, प्लास्टिक पिवळं पडतं आणि शेवटी प्लग सॉकेटला चिकटून बसतो. कार्ड नसलेल्या, नुसत्या टायपिंगच्या मशीनवर तात्पुरतं चालेल. कायमचं नको.

दुसरा प्लग प्रोसेसरचा. तो ४ पिनांचा किंवा ८ पिनांचा असतो, आणि तो लावायचा राहिला तर पंखे फिरतात पण स्क्रीनवर काहीच येत नाही. "बोर्ड गेला" म्हणून परत आलेल्या मशीनमध्ये सगळ्यात आधी हा प्लग पाहावा. बोर्डावर ८ चा सॉकेट आणि एसएमपीएसला ४ चाच प्लग असेल, तर ६०-६५ वॅटच्या प्रोसेसरला तो पुरतो. खाचा ज्या अर्ध्या भागात जुळतात तिथं तो बसतो. मोठ्या प्रोसेसरला पूर्ण ८ द्या.

इथं एक घातकी साम्य आहे. प्रोसेसरचा ८ पिनांचा प्लग आणि ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा प्लग लांबून सारखेच दिसतात, पण त्यांची मांडणी एकमेकांच्या उलट. प्रोसेसरच्या प्लगमध्ये लॉकच्या बाजूला पिवळ्या तारा असतात, कार्डाच्या प्लगमध्ये लॉकच्या बाजूला काळ्या. प्रोसेसरचा प्लग ४ अधिक ४ असा फुटतो, कार्डाचा ६ अधिक २. खाचांचे आकार वेगळे केलेले आहेत ते चूक होऊ नये म्हणून. जोर लावून बसवला तर १२ व्होल्ट सरळ ग्राउंडला टेकतात. प्लग सहज बसत नसेल तर तो तिथला नाही, एवढं ध्यानात ठेवा.

काढता येणाऱ्या तारांचे, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस आता बरेच मिळतात. जुन्याच्या तारा नव्याला लावू नका, दोन्हीवर एकाच कंपनीचं नाव असलं तरी. बोर्डाकडची बाजू ठरलेली असते, एसएमपीएसकडच्या बाजूची मांडणी ज्याची त्याची. एका मॉडेलमध्ये जिथं ५ व्होल्ट, तिथं दुसऱ्यात १२ येऊ शकतात. प्लग बिनतक्रार बसतो आणि हार्ड डिस्क जाते.

ब्रँडेड जुन्या मशीनचा घोळ

गावातल्या सेवा केंद्रात, एमएससीआयटीच्या वर्गात, शाळेत आता नव्या मशीनपेक्षा कंपन्यांतून निघालेली डेल, एचपी आणि लेनोव्होची जुनी मशीन जास्त दिसतात. मशीन चांगली, किंमत परवडणारी. एसएमपीएस गेला की मात्र रडवतात.

यातल्या बऱ्याच बोर्डांवर २४ चा सॉकेटच नसतो. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०२०, ७०२०, ९०२० वर मोठ्या प्लगच्या जागी ८ पिना असतात. लेनोव्होच्या थिंकसेंटरमध्ये काही पिढ्यांना १४ आणि पुढच्यांना १० पिना. एचपीच्या एलिटडेस्क आणि प्रोडेस्कमध्ये ६ पिनांचे वेगळे प्लग. असा एसएमपीएस प्रामुख्याने १२ व्होल्टच देतो, ५ आणि ३.३ व्होल्ट बोर्ड स्वतः तयार करतो. हार्ड डिस्कची वीजही मग एसएमपीएसमधून नाही, तर बोर्डावरच्या छोट्या सॉकेटमधून जाते.

तारा कापून २४ चा प्लग ८ ला जोडायच्या भानगडीत पडू नका. रंग पाहून जोडलं तरी स्टँडबायची (मशीन बंद असतानाही चालू राहणारी) लाइन आणि सिग्नलची लाइन वेगळ्या असतात. रस्ते दोनच. एक, जुन्या लेबलवरच्या पार्ट नंबरचाच एसएमपीएस मागवायचा, वापरलेला चालेल. टीएफएक्ससारख्या अडचणीच्या कॅबिनेटला हाच बरा. दोन, त्या मॉडेलसाठीच बनवलेला २४ ते ८, २४ ते १४ किंवा २४ ते १० असा अडॅप्टर घेऊन साधा एटीएक्स लावायचा. अडॅप्टर घेताना मशीनचं मॉडेल नाव सांगा, फक्त पिनांची संख्या सांगून भागत नाही. बोर्डाला स्टँडबायलाही १२ व्होल्ट लागत असले तर अडॅप्टरमध्ये ५ चे १२ करणारं छोटं सर्किट असावं लागतं. तेच नसलं तर बटण दाबून काहीच होत नाही.

आणि एक जुनी खोड. पेंटियम थ्रीच्या काळातल्या काही डेल मशीनचा प्लग दिसायला हुबेहूब एटीएक्सचा, आतल्या तारांचा क्रम मात्र वेगळा. तसं मशीन कुठल्या शाळेच्या कपाटात निघालं तर त्याचा एसएमपीएस दुसऱ्या बोर्डाला लावू नका आणि दुसरा त्याला लावू नका.

लेबल वाचायचं कसं

आता अँपिअर. आजचा बोर्ड प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखे, हार्ड डिस्कची मोटर हे सगळं १२ व्होल्टवर चालवतो. वीसेक वर्षांपूर्वी प्रोसेसर ५ व्होल्टवरून खात असे. काही स्वस्त एसएमपीएस अजून त्याच जुन्या आराखड्यावर बनतात, ५ व्होल्टला भरपूर आणि १२ ला तुटपुंजे.

समजा डब्यावर ४५० वॅट लिहिलंय आणि लेबलवर ३.३ व्होल्टला १४ अँपिअर, ५ व्होल्टला १६, १२ व्होल्टला १६. गुणाकार करा: ४६, ८० आणि १९२. बेरीज ३१८. शिवाय ३.३ आणि ५ मिळून १०० वॅटच्या वर जाऊ नका, अशी बारीक अक्षरातली अट असते ती वेगळी. म्हणजे तुमच्या कामाचे वॅट १९२, कारण तेवढेच १२ व्होल्टवर आहेत. चांगल्या ४५० च्या लेबलवर १२ व्होल्टसमोर ३३ ते ३७ अँपिअर दिसतात. एवढा एक आकडा पाहिला तरी खरं-खोटं वेगळं होतं.

लेबलही खोटं असू शकतं. मग हातात घेऊन वजन पाहा, शेजारी माहितीतला चांगला एसएमपीएस ठेवून. तारेच्या आवरणावर १८ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप) छापलेलं असावं. २० किंवा २२ असेल तर तार बारीक, कारण इथं आकडा वाढला की जाडी कमी होते. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. ८० प्लसचं चिन्ह असेल तर उत्तम. त्यातल्या अगदी साध्या पायरीचा अर्थ असा, की ११५ व्होल्टवरच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के भारावर एसएमपीएस किमान ८० टक्के कार्यक्षम ठरला. त्यासाठी तो लेबलवरच्या पूर्ण भारावर चालून दाखवावा लागतो, आमच्या मते खरी किंमत त्याचीच आहे.

हिशेब

सेवा केंद्राचं एक नमुना मशीन घेऊ. प्रोसेसर आय थ्री १२१००. त्यावर ६० वॅट लिहिलेलं असतं, पण इंटेल स्वतःच जास्तीत जास्त ८९ सांगते, तेच धरायचं. बोर्ड ३० वॅट, दोन रॅम मिळून ८, एसएसडी ५, दोन पंखे ५. जुनी साडेतीन इंची हार्ड डिस्क चालताना ७-८ वॅट खाते, पण सुरू होताना मोटरला दोन अँपिअरचा झटका लागतो, म्हणून २४ धरा. अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, कीबोर्ड मिळून १०. सगळे १७१ वॅट. एवढा भार एका वेळी क्वचितच येतो.

१२ व्होल्टचं पाहू. ८९ वॅट प्रोसेसरपर्यंत पोहोचवताना बोर्डावरच्या सर्किटमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून एसएमपीएसमधून शंभरेक जातात, म्हणजे साडेआठ अँपिअर. डिस्कचे दोन, पंख्यांचा अर्धा. अकरा झाले. यावर उन्हाळ्याची आणि वयाची सूट धरून १२ व्होल्टवर खरे १८ ते २० अँपिअर असलेला घ्या. खरे ३०० वॅट भरपूर. साडेचारशेची गरजच नव्हती.

जीटीएक्स १६५० सारखं ७५ वॅटचं कार्ड घातलं तर सहा अँपिअर वाढवा आणि १२ व्होल्टवर २५ च्या आसपास पाहा. आरटीएक्स ३०६० चं काम निराळं. ते १७० वॅटचं, वर क्षणभराच्या उसळ्या मारतं, आणि एनव्हिडिया स्वतः त्याला ५५० वॅट सुचवते. तिथं काटकसर करू नका. मोलेक्स किंवा सॅटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, तारेवरून कार्डाचा ६ पिनांचा प्लग काढणारे अडॅप्टर मिळतात. सॅटाचा प्लग १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतचा, कार्डाचा ६ पिनांचा ७५ चा. जळतो तो सॅटाचाच. ज्या एसएमपीएसला कार्डाचा प्लग मुळातच नाही, तो कार्डासाठी बनलेलाच नाही.

भिंतीतून काय येतं

गावठाण फीडरवरच्या घरात व्होल्टेज बरं असतं. शेतातल्या घराला पंपांच्या लाइनवरून जोडणी असेल तर थ्री फेज आली आणि आजूबाजूच्या मोटरी सुरू झाल्या की २३० चे १७०-१८० होतात. रात्री मोटरी बंद पडल्या की तेच २६० वर. मल्टिमीटर एसीच्या ७५० व्होल्टच्या पट्टीवर ठेवून दोन-तीन दिवस सकाळ, दुपार आणि रात्री आकडे लिहून ठेवा. एसएमपीएस निवडताना डब्यापेक्षा ही चिठ्ठी जास्त कामाची.

कमी व्होल्टेजला काय होतं ते समजून घ्या. वरच्या १७१ वॅटच्या मशीनला ८० टक्के कार्यक्षमतेने भिंतीतून २१५ वॅट हवेत म्हणजे हवेतच. २३० वर एसएमपीएस भिंतीतून ०.९ अँपिअर ओढतो, १७० वर १.३. त्यामुळे आतले पुढचे भाग जास्त तापतात. शिवाय एसएमपीएसमधले मोठे कपॅसिटर वीज साठवतात ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १७० भागिले २३०, त्याचा वर्ग केला की उरतात ५५ टक्के. लाइट नुसता मिचकला तरी एरवी १५-१६ मिलिसेकंद तग धरणारा एसएमपीएस मग त्याच्या निम्म्यातच हात टेकतो. शेजारची मोटर सुरू झाली की कॉम्प्युटर रीस्टार्ट का होतो, त्याचं हे कारण. बोर्ड बिचारा निर्दोष असतो.

उपाय एसएमपीएसच्या निवडीतच आहे. लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट आणि ॲक्टिव्ह पीएफसी लिहिलेला घ्या. त्याच्या आत पुढच्या टप्प्यात व्होल्टेज वाढवून ३८० च्या आसपास स्थिर ठेवलेलं असतं, भिंतीत १७० असो की २३०. साठा कमी होत नाही. स्वस्त एसएमपीएस आणि त्याच्यापुढे स्वस्त स्टॅबिलायझर या जोडीपेक्षा हा एकटा परवडतो. ज्याच्यावर २०० ते २४० लिहिलंय तो पंपाच्या लाइनवर नको.

जास्त व्होल्टेजची गोष्ट वेगळी. स्वस्त एसएमपीएसमध्ये २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकापाठोपाठ जोडलेले असतात. २३० एसीचं शिखर ३२५ व्होल्ट, म्हणजे प्रत्येकावर १६२. भिंतीत २७० झाले की प्रत्येकावर १९१, काठावर. आणि डीपीजवळ न्यूट्रल तुटला तर एका घरात चारशेपर्यंत चढू शकतं. तेव्हा कपॅसिटर फुटतात, त्याला कोणताच एसएमपीएस उरत नाही. २७० च्या वर गेल्यावर लाइन तोडणारा हाय-लो कटऑफ मीटरच्या बोर्डावर बसवून घ्या, कॉम्प्युटरसोबत फ्रीज आणि टीव्हीही वाचतो.

मागच्या बाजूला ११५ आणि २३० चं लाल बटण असेल तर ते २३० वरच आहे ना ते पाहा आणि वरून चिकटपट्टी मारा. शाळेत तर नक्कीच, लाल बटण दिसलं की पोरांचं बोट जातंच. ११५ वर ठेवून २३० दिले तर ते सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं आणि दोन्ही कपॅसिटरांवर मिळून ६५० च्या आसपास येतात. धडाम.

अर्थिंग, कूलर आणि ऊन

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार घरोघरची. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला एकेक छोटा कपॅसिटर असतो. गोंगाट अर्थिंगमध्ये सोडायचं त्यांचं काम. अर्थिंग नसली की बॉडी मधल्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगते. करंट अगदी थोडा असल्याने माणसाला सहसा धोका नसतो, पण त्याच अवस्थेत कोणी पेन ड्राइव्ह किंवा प्रिंटरची तार लावली तर बोर्डाचा यूएसबी पोर्ट उडू शकतो. एसएमपीएस बदलून हे जात नाही.

थ्री पिनमध्ये मोजा. फेज-न्यूट्रल २३० असेल तर फेज-अर्थही जवळपास तेवढंच यायला हवं आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. काळ्या मातीत एक खास अडचण असते: उन्हाळ्यात ती भेगाळते, सळईपासून सुटते, आणि पावसाळ्यात ठीक असलेली अर्थिंग एप्रिल-मेमध्ये मरते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरा आणि उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. न्यूट्रलची तार अर्थच्या पिनेला जोडून देणाऱ्या वायरमनला हात जोडा. न्यूट्रल तुटला त्या दिवशी कॅबिनेटवर फेज येतो.

मे महिन्यात ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. टिनाखाली खोली त्याहून तापते आणि कॅबिनेटच्या आत आणखी दहा अंश. स्वस्त एसएमपीएसचे वॅट २५ अंशांवर मोजलेले असतात, चांगल्याचे ४० किंवा ५० वर, आणि तसं ते लिहूनही देतात. आतले कपॅसिटर दर दहा अंशाला अर्धं आयुष्य गमावतात, हा सगळ्यांना माहीत असलेला ठोकताळा. म्हणून ८५ ऐवजी १०५ अंशांचे कपॅसिटर असलेला शोधा. कूलरच्या थेट झोतात कॉम्प्युटर ठेवू नका. माणसाला गार वाटते ती हवा ओली असते, आणि ओलसर धूळ एसएमपीएसच्या पत्र्यांवर चिखलासारखी बसते. कूलरची मोटर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरही नकोत. जिनिंगजवळ किंवा तुरीच्या मळणीच्या दिवसांत पंख्याची जाळी पंधरा दिवसांनी ब्रशने साफ करा. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा.

यूपीएस आणि इन्व्हर्टर

वरच्या मशीनचे १७१ वॅट ८० टक्के कार्यक्षमतेने भिंतीतून २१५ होतात, मॉनिटरचे २५ मिळवून २४०. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो, तो पुरतो. आतल्या १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटरीवर पूर्ण भारात थोडीच मिनिटं मिळतात, फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरती. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, त्याचा हीटर एका झटक्यात यूपीएस पाडतो.

स्वस्त यूपीएस आणि इन्व्हर्टर चौकोनी लाट देतात. ॲक्टिव्ह पीएफसीच्या काही एसएमपीएसला ती मानवत नाही. लाइन गेल्या क्षणी यूपीएस किंचाळतो किंवा मशीन बंद पडतं. अशा वेळी शुद्ध साइन लाटेचा घ्या, किंवा दुप्पट क्षमतेचा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर करा. साध्या मोडवर बदलायला लागणारा वेळ एसएमपीएसच्या तग धरण्यापेक्षा जास्त असतो. फक्त एक ध्यानात ठेवा, यूपीएस मोडवर इन्व्हर्टर साधारण १८० च्या खालची लाइन नाकारतो आणि बॅटरीवर जातो. पंपाच्या वेळेत रोज असं झालं तर संध्याकाळी बॅटरी रिकामी.

बसवणं

थ्री पिन काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, उरलेली वीज जाते. जुन्या एसएमपीएसचं स्वतःचं झाकण उघडू नका, आत तीनशे व्होल्ट बराच वेळ साठून राहतात. मोठा प्लग काढताना लॉक दाबून प्लग धरा, तारा धरून ओढू नका. बसवताना बोर्ड वाकतो, म्हणून दुसऱ्या हाताने कडेला आधार द्या आणि लॉकचा टिक आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेला २४ चा प्लग पहिल्या दिवशी चालतो आणि महिन्याभराने जळतो. मग प्रोसेसरचा प्लग, मग सॅटा, शेवटी चार स्क्रू. उरलेल्या तारा पंख्यापासून लांब बांधा.

चालू करण्याआधी आणि बंद पडल्यावर

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळी पिन मोलेक्सच्या काळ्या तारेत, लाल पिन मोठ्या प्लगच्या मागून त्या-त्या तारेत. थ्री पिन लावल्या लावल्या, बटण न दाबता, जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट हवेत. ते नसतील तर स्टँडबायच मेलंय, पुढे पाहायची गरज नाही. मशीन चालू करून पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७ यांच्या मध्ये असावी. करड्या तारेवर सुरू झाल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत ५ व्होल्ट यायला हवेत. तो एसएमपीएसने बोर्डाला दिलेला "सगळं ठीक" असा इशारा. तो आला नाही तर बोर्ड जागा होत नाही. पांढरी तार नसली तर घाबरू नका, ती उणे ५ व्होल्टची, केव्हाच बाद झाली.

हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरवून दाखवतात, त्या चाचणीवर फार विसंबू नका. बिनभाराचा मरतुकडा एसएमपीएसही फिरतो. करायचीच तर जुनी हार्ड डिस्क जोडून करा आणि व्होल्ट भारावरच मोजा.

पंखा गर्रकन फिरून थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. आधी ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क काढा, मग प्रोसेसरचा प्लग. तो काढल्यावर पंखा चालू राहिला तर बोर्डाच्या प्रोसेसरकडच्या भागात दोष. व्हिडिओ किंवा गेम लावला की रीस्टार्ट होत असेल तर त्या क्षणी पिवळी तार मोजा, ११.४ च्या खाली गेली तर १२ व्होल्ट अपुरे. सकाळी चार-पाच वेळा बटण दाबल्यावर चालू होतं आणि दुपारी एकदाच दाबून, तर स्टँडबायचे कपॅसिटर सुकले आहेत, थोड्याच दिवसांचा पाहुणा. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या, म्हणजे २०१३ पासूनच्या प्रोसेसरसोबत जुना एसएमपीएस असेल आणि मशीन काही न करता बसलं की बंद पडत असेल, तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सी ६ आणि सी ७ या झोपेच्या अवस्था बंद करा. जुन्या एसएमपीएसला १२ व्होल्टवर इतका कमी भार सांभाळता येत नाही. आणि दर सकाळी तारीख चुकते म्हणून एसएमपीएस बदलू नका, त्याला सीआर २०३२ चा सेल लागतो.